दोन अर्थांचा दगड

आमच्या दारातल्या रांजणाशेजारी हिच्या नावाचा एक दगड बसवावा, एवढीच माझी इच्छा होती. लोक बायकोच्या नावानं धर्मशाळा बांधतात, घाट बांधतात, देवळापुढं दीपमाळ उभारतात. मी मराठी शाळेतला मास्तर. मला परवडण्यासारखं या जगात एकच बांधकाम होतं, ते म्हणजे वाक्य. आणि वाक्य आपल्याला पक्कं बांधता येतं, असा माझा त्या उन्हाळ्यापर्यंत समज होता.

रांजण मूळचा हिचाच. हिचं नाव सोनाबाई. गिरणीची पाळी सुटली की माणसांचा लोंढा आमच्या गल्लीतून जातो. अंगावर कापसाचे तंतू, घसा कोरडा, आणि वर सोलापूरचं ऊन. त्यांच्यासाठी ही दारात रांजण भरून ठेवायची. मार्गशीर्षात ही गेली. आजारपणाचा निरोप मिळताच हिच्या आई, रंभाबाई, मंगळवेढ्यापलीकडच्या वाडीवरून बैलगाडीनं निघाल्या. पण त्या दारात उतरल्या तेव्हा आम्ही स्मशानातून परत आलो होतो. मी त्यांना मामी म्हणतो. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे गेले, मामी काही गेल्या नाहीत. एक दिवस सकाळी कोणाला न विचारता त्यांनी घागर उचलली, नळावर गेल्या आणि रांजण भरला. तेव्हापासून मामी रांजण भरत होत्या, मी शाळेत जात होतो, आणि एका घरात राहून आम्ही दोघं हिच्याविषयी चकार शब्द काढत नव्हतो. मामी म्हणायच्या, "जेवाय बसा." मी म्हणायचो, "बसतो." एवढ्या संभाषणावर घर चालतं, हे मला तेव्हाच कळलं.

मला वाटलं, जे तोंडानं बोलता येत नाही ते दगडावर लिहावं. मी पहिलं वाक्य तयार केलं: ‘कै. सोनाबाई हिच्या स्मरणार्थ. हिने जन्मभर सर्वांना पाणी पाजले.’

समोर सिद्धलिंगप्पांचं भुसारीचं दुकान आहे. ज्वारीच्या पोत्याला टेकून बसलेला हा गृहस्थ गल्लीतल्या प्रत्येक लग्नात, बारशात आणि भांडणात सल्ला देतो, आणि सल्ल्याबरोबर खायला शेंगदाणेही देतो, म्हणून लोक दोन्ही घेतात. मी त्यांना वाक्य वाचून दाखवलं. ते आधी गंभीर झाले, मग त्यांचं पोट हलायला लागलं.

"सगळ्यांना पाणी पाजलं? मास्तर री, म्हणजे सगळ्यांना हरवलं की वैनींनी! तुम्हालाबी पाजलं काय?"

मी म्हणालो, "अप्पा, हा वाक्प्रचार आहे. मी मूळ अर्थानं लिहिलंय."

"वाचणारा मूळ अर्थ कुठनं आणणार? तो काय तुमच्या वर्गात बसलाय?"

शेजारचे नरसय्या तिथंच होते. साळी माणूस, मागावर बसून बसून पाठीला बाक आलेला, घरात तेलुगू आणि बाहेर त्यांची स्वतःची अशी एक मराठी. ते हसले नाहीत. हिच्या आजारात नरसय्यांची बायको दोन्ही वेळा आमची चूल पेटवून जायची. ते म्हणाले, "मास्तर, जाऊ द्या. दुसरा लिव्हा."

दुसरं वाक्य मी अगदी साधं केलं: ‘येथे सारा दिवस पाणी मिळेल.’ यात वाक्प्रचार नाही, अलंकार नाही. अप्पांनाही दोष सापडेना. सापडला तो नरसय्यांना. ते डोकं खाजवत म्हणाले, "सारा नको मास्तर. आमच्यात सारा म्हणजे दारू. ‘येथे सारा’ एवढा वाचला की आमचा माणूस रांगेत उभा राहील. मग पाणी निघाला की भांडण."

आता सारा म्हणजे सगळा, सारा म्हणजे शेतावरचा कर, एवढं मला ठाऊक होतं. तिसरा अर्थ आमच्या भिंतीपलीकडं राहत होता आणि मला पत्ता नव्हता! मी घरी जाऊन वाक्य खोडलं. पुढचे चार-सहा दिवस मी शब्द गोळा करत होतो आणि टाकत होतो. ‘मान’ लिहावा तर गळा, ‘हार’ लिहावा तर पराभव. ‘अंतरली’ लिहिलं तर अप्पा म्हणाले, "म्हणजे टाकली काय तुम्ही?" एकच अर्थ असलेला शब्द हवा म्हणून मी कोश उघडला, तर एकेका शब्दापुढं अर्थांची ही लांबलचक रांग, दुष्काळात नळावर लागावी तशी.

शेवटी वैतागून लिहिलं: ‘तहानलेल्यांनो, या.’ अप्पा म्हणाले, "छान." नरसय्या म्हणाले, "छान." तेवढ्यात कोणीतरी आठवण करून दिली की दगड गटारीच्या काठावर येतो, म्हणजे रस्त्यात येतो, म्हणजे परवानगी हवी.

कचेरी कोणती, ते मी सांगत नाही. मला अजून याच गावात राहायचं आहे. तिथले भाऊसाहेब चष्मा कपाळावर चढवून वाक्य वाचत राहिले. आदल्याच वर्षी शहरात लष्करी कायदा लागला होता. डोक्यावर गांधी टोपी आहे का, ते पाहून माणसाची परीक्षा व्हायची. त्यानंतर कचेऱ्यांमधून शब्दांकडंही टोपीसारखंच बघत असत.

"तहान कशाची?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"पाण्याची."

"तसं लिहिलेलं नाही."

"रांजणाशेजारी बसवायचा आहे, साहेब. रांजणात पाणी आहे."

"उद्या रांजण फुटला तर? मग दगड तेवढा राहील आणि तहान मोकळी होईल." त्यांनी आवाज खाली आणला. "शिवाय ‘या’ म्हटलंय. कोण कोणाला बोलावतंय? किती जणांना? मास्तर, याला जमाव म्हणतात. तुम्ही असं करा, कोणाला कळणार नाही असा शब्द घाला. कळलं नाही की हरकत घेता येत नाही."

मी अपमान गिळून घरी आलो. पण ते शेवटचं वाक्य डोक्यात घोळत राहिलं, आणि संध्याकाळी दिवा लावताना मला तो शब्द सापडला. जीवन! जीवन म्हणजे पाणी, जीवन म्हणजे आयुष्य. हिनं लोकांना पाणी दिलं आणि आपलं आयुष्यही त्यांच्यासाठीच वेचलं. जे दोन अर्थ इतके दिवस माझ्या मागं लागले होते त्यांनाच मी कामाला जुंपलं. ‘सोनाबाई हिने येथे जीवन दिले.’ मला इतका आनंद झाला की कोणालातरी सांगावं म्हणून मी आत हाक मारणार होतो. मग आठवलं, हाकेला ओ देणारं आत कोणी नाही. मामी होत्या; पण त्या तांदूळ निवडत होत्या, आणि मी हाक दुसऱ्याच नावानं मारणार होतो.

भाऊसाहेबांनी ‘जीवन’ दोनदा वाचून शिक्का मारला. पाथरवट चन्नवीर कानडी. त्याला आमची अक्षरं वाचता येत नव्हती, पण तो चित्र काढावं तशी ती काढायचा आणि फार देखणी काढायचा. अडचण एवढीच झाली की नाव मोठं आलं, दगड संपत आला, आणि पहिल्या ओळीत ‘सोनाबाई हिने येथे जीव’ एवढंच मावलं. ‘न दिले’ खालच्या ओळीत गेलं. शिवाय ‘न’च्या जागी दगडाला शीर होती, म्हणून त्यानं तो बिचारा हलक्या हातानं कोरला.

"चालतंय की री?" चन्नवीरनं विचारलं.

"चालेल," मी म्हणालो. "वाचणारा पुढं वाचेलच."

मराठी भाषेवर इतका विश्वास मी त्याआधी कधी टाकला नव्हता, नंतरही नाही.

पाडव्याला दगड बसवला. नारळ फोडला, गल्लीत गूळ वाटला. मामींनी पदरानं दगडावरची धूळ पुसली आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. "काय लिवलंया?" त्यांनी विचारलं.

"सोनाबाईनं इथं जीवन दिलं. जीवन म्हणजे पाणी. म्हणजे आयुष्यसुद्धा. याला श्लेष म्हणतात, मामी."

"आसंल," मामी म्हणाल्या, आणि घागर घेऊन नळावर गेल्या.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटली तेव्हा रात्रशाळेत अक्षरओळख झालेला एक गडी रांजणापुढं थांबला. बाकीचे त्याच्याभोवती उभे राहिले. मी खिडकीतून बघत होतो. कोणीतरी माझं वाक्य वाचतंय, या कल्पनेनं माझा ऊर भरून आला. तो बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत होता. "सो-ना-बा-ई... हि-ने... ये-थे... जी-व." ओळ संपली, तो थांबला. खालच्या ओळीतला शिरेवरचा ‘न’ त्याला दिसलाच नाही. "दि-ले," तो म्हणाला. मग सगळ्यांकडं वळून हळूच म्हणाला, "आरं, बाईनं हितं जीव दिलाय."

एकानं रांजणाकडं नेलेला हात मागं घेतला. ते सगळे निमूट निघून गेले.

त्या दिवशी रांजण भरलेला राहिला. दुसऱ्या दिवशीही तसाच. आठवडा गेला. मामी रोज सकाळी शिळं पाणी ओतून देत, रांजण घासत, ताजं पाणी भरत, आणि संध्याकाळी तो काठोकाठ तसाच असे. लोक गल्लीच्या पलीकडच्या कडेनं चालायला लागले. एका सकाळी रांजणापाशी लिंबू आणि दहीभात ठेवलेला आढळला. उन्हानं माणसांचे ओठ फुटलेले, पण आमच्या पाण्याला कोणी शिवेना.

मग बोलणं माझ्यावर आलं. बाईनं जीव दिला तो उगीच दिला नसणार. घरात कोणीतरी छळणारं असणार. आणि तेव्हा घरात तर मी एकटाच होतो. शाळेत हेडमास्तरांनी मला बोलावून, "घरची गोष्ट घरात राहावी" असं काहीतरी गुळमुळीत सांगितलं. नंतर एक हवालदार आला. त्याची मराठी दखनी वळणाची, वागणं अदबीचं. "मास्तरसाब, बुरा मत मानो. जीव दिला म्हणतात लोग. नोंद तर नाही आमच्याकडं."

"हवालदारसाहेब," मी म्हणालो, "‘दिले’ आहे ते! ‘जीव’ पुल्लिंगी आहे. जीव ‘दिला’ असता. ‘दिले’ म्हटलं की नपुंसकलिंगी, म्हणजे शब्द ‘जीवन’! व्याकरणानंच सिद्ध होतं."

हवालदारानं दगडाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "पढेलिखे आदमी हैं आप," तो म्हणाला आणि गेला. त्याचं समाधान झालं की माझी कीव आली, हे मला आजवर समजलेलं नाही. समोरून अप्पा सगळं ऐकत होते. त्या दिवशी त्यांनी मला शेंगदाणे दिले, पण सल्ला दिला नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो.

एका दुपारी मामी बाजारातून आल्या त्या रिकामी टोपली घेऊन. उन्हातून आलेल्या, पण पाणी प्यायल्या नाहीत. माझ्यासमोर भिंतीला टेकून बसल्या. पदर सरळ केला.

"जावईबापू, एक इचारू?"

"विचारा."

"माज्या पोरीनं जीव दिला व्हय?"

त्या पुढं म्हणाल्या, "माळणीनं इचारलं मला. म्हनली, पोरीला काय दुक हुतं? मी म्हनलं, ताप हुता. ती म्हनली, तू बगितलास का? मी कुटं बगितलं? मी आले तवा समदं आवरलं हुतं. तुमी तर कदी काय बोलला न्हाय. आनि दगडावर तुमीच लिवलंय म्हन्त्यात."

"मामी, तो शब्द जीवन आहे. चन्नवीरनं ओळ तोडली म्हणून..."

"मला शबूद नगं," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "काय झालं त्ये सांगा."

मग मी सांगितलं. आधी थंडी वाजली, मग ताप चढला आणि उतरेचना. डॉक्टर म्हणाले, मुदतीचा ताप आहे. मी शाळेतून रजा घेतली. हिचे केस गळायला लागले तेव्हा हिनं स्वतःच हसून सांगितलं की आता वेणी घालायचा त्रास नाही. मग ग्लानी आली. मी डोक्यावर पट्ट्या ठेवत होतो. दुसरी भिजवून हातात येईपर्यंत पहिली वाळायची. हे सगळं मी सांगत होतो आणि मामी माझ्या तोंडाकडं बघत होत्या, एकेक घोट घ्यावा तसं ऐकत होत्या. आणि मग मी थांबलो, कारण पुढं जे होतं ते मी त्यांच्यापासून मुद्दाम ठेवलं होतं. त्यांना लागेल म्हणून.

"बोला," मामी म्हणाल्या.

"शेवटच्या दिवशी शुद्धीवर आली. विचारलं, आई आली का?"

मामींच्या हातातली टोपली खाली आली. "मला इचारलं?"

"हो."

"मग?"

"मी म्हणालो, आली. आत चुलीपाशी आहे."

बाहेर गल्लीत कोणीतरी कल्हईचा भाता फुंकत होतं. मग मामी अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "म्हंजी तिला ठावंच न्हाय? मी उशिरा आले त्ये?"

"नाही, मामी. तिला वाटलं तुम्ही आलात."

"काय म्हनली?"

"म्हणाली, लांबून आली असेल, तिला आधी पाणी द्या. मग डोळे मिटून पडून राहिली. नंतर नाही बोलली."

मामींनी पदर तोंडात धरला. मी उठून त्यांच्याजवळ जायला हवं होतं, पण सासूच्या जवळ जावईमाणसानं कसं जावं, किती जावं, याचा मला काही नियम ठाऊक नव्हता. मी जागच्या जागीच रडलो. हिला नेलं त्या दिवशीसुद्धा मी असा रडलो नव्हतो. थोड्या वेळानं मामी म्हणाल्या, "बरं केलं, तसं सांगितलं त्ये." आणि उठल्या.

त्या रांजणापाशी गेल्या. इतके महिने त्यांनी तो भरला होता, पण त्यातलं पाणी त्यांना पिताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी झाकण काढलं, तांब्या बुडवला आणि भर रस्त्यावर, उभ्यानं, वरून धार धरून सगळा तांब्या संपवला. गिरणीचा भोंगा झाला होता. माणसं पलीकडच्या कडेनं चालली होती, ती थबकली.

"बगताय काय?" मामी ओरडल्या. "माजी पोर तापानं मेली. मुदतीच्या तापानं. जावयानं राखली हुती, न्हाय ऱ्हायली. पानी चांगलं हाय. या की!"

कोणी हललं नाही. मग समोरून सिद्धलिंगप्पा दुकानाच्या पायऱ्या उतरले. ते कोणाच्या घरचं पाणी पीत नाहीत, हे गल्लीला ठाऊक आहे. ते रांजणाजवळ आले, क्षणभर घुटमळले आणि त्यांनी ओंजळ पुढं केली. मामींनी पाणी घातलं. ते प्यायले, हात धोतराला पुसले, आणि कोणाकडं न बघता परत जाऊन पोत्याला टेकून बसले. मग नरसय्या आले. मग तो रात्रशाळेचा गडी आला, आणि त्याच्यामागून बाकीचे. रांजण तासाभरात तळाला गेला. मामींनी घागर उचलली तेव्हा मी दुसरी उचलली. मला घागर खांद्यावर धरता येत नाही; निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं आणि नळावरच्या बायकांना बरीच करमणूक झाली.

दगड बदलण्यासाठी मी कचेरीत अर्ज केला. भाऊसाहेब म्हणाले, मंजूर झालेल्या मजकुरात फेरफार करायचा तर आधी मंजूर झालेला अर्थ कोणता, तो लेखी कळवा. मी दोन्ही अर्थ कळवले. त्यावर, एकाच मजकुराला दोन अर्थांसाठी परवानगी घेतल्याबद्दल खुलासा मागवण्यात आला. तो खुलासा अजून चालू आहे. मी कळवतो, ते विचारतात. दगड आहे तिथं आहे.

गल्लीला आता सगळं माहीत आहे. पण गिरणीत नवी माणसं येतात, आणि एखादा दगडापाशी अडखळतो. तसा एक परवा अडखळला. तेलंगणातून नुकताच आलेला असावा. वयानं माझ्याएवढा, खांद्यावर कांबळं. त्याला वाचता येत नव्हतं, मराठीही जेमतेम. त्यानं पाणी घेतलं आणि दगडाकडं बोट करून विचारलं, "हे काय?"

मी दारातच बसलो होतो. म्हणालो, "माझी बायको. रांजण तिचा. ती गेली."

"कुठं गेली?" त्यानं विचारलं. अगदी सरळ मनानं. "कधी येणार?"

मी मान हलवली. "नाही येणार," मी म्हणालो. "परत नाही."

त्याला कळलं. त्यानं तांब्या खाली ठेवला नाही. तो तसाच हातात धरून माझ्याशेजारी पायरीवर बसला आणि त्याच्या भाषेत बोलायला लागला. हळूहळू, मध्ये थांबत, मध्येच हातानं एवढीशी उंची दाखवत. मी नरसय्यांना हाक मारून अर्थ विचारू शकलो असतो. नाही मारली. त्याचं बोलणं संपेपर्यंत मी ऐकत बसलो.